हवामान बदलावर कलाकृती करून खरंच कुणाला काही फरक पडतो का?

कार्बन कमी होतो का असं विचारत असाल तर नाही, सरळ नाही. पण मी इलस्ट्रेशनचं काम करते, या विषयावरचं बरंच काही बघत असते, आणि मला वाटतं खरी गोची वेगळीच आहे. पूर आला की दिसतो, पण सरासरी तापमान एखाद्या अंशाने चढलेलं कुणाला दिसणार? म्हणून मग बहुतेक जण तेच ते काढतात, रडणारी पृथ्वी, अर्धं हिरवं अर्धं वाळलेलं झाड. असली पोस्टर्स बघून बघून आता त्यांच्याकडे लक्षही जात नाही.

ज्यांना जमलंय त्यांनी ती गोष्ट थेट माणसाच्या हाताशी आणून ठेवली. ओलाफुर एलियासन हा कलाकार आणि मिनिक रोसिंग हा भूगर्भशास्त्रज्ञ, दोघांनी ग्रीनलंडच्या खाडीत तुटून तरंगणारे बर्फाचे 12 भलेमोठे ठोकळे उचलून आणले आणि 2015 च्या डिसेंबरात, पॅरिसमध्ये हवामान परिषद चालू असताना, तिथल्या चौकात घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडून वितळायला सोडून दिले. बास. लोक हात लावायचे, मिठी मारायचे, काहीजण तर कान लावून ऐकायचे, कारण बर्फात हजारो वर्षं अडकलेली हवा बाहेर पडताना बारीक तडतड आवाज येतो. आता इतक्या लांबून बर्फ आणला म्हणजे कार्बन झालाच की! पण त्यांनी तो हिशोबही लपवला नाही, साधारण 30 टन असा जाहीर केला, आणि मला ते फार पटलं.

दुसरं माझं लाडकं उदाहरण म्हणजे निळ्या-लाल पट्ट्यांचं ते चित्र, तुम्ही पाहिलं असेलच. एक पट्टा म्हणजे एक वर्ष, थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल, आकडा एकही नाही. एड हॉकिन्स या हवामान शास्त्रज्ञाने 2018 मध्ये केलं ते, पण मजा म्हणजे त्याच्या आधी त्याच्याच युनिव्हर्सिटीतल्या एली हायवूड यांनी जागतिक तापमानाच्या आकड्यांवरून क्रोशाचं ब्लँकेट विणलं होतं, म्हणजे ग्राफच्या आधी लोकर!

हवामानासाठी आंदोलन करणाऱ्यांनी म्युझियममध्ये चित्रावर सूप फेकणं वगैरे मला नाही भावत, बातमी सूपचीच होते. त्यापेक्षा लिबरेट टेट या आंदोलक कलाकारांच्या ग्रुपचं बघा. लंडनच्या टेट गॅलरीला बीपी ही तेल कंपनी पैसे द्यायची, तर 2010 मध्ये यांनी टेटच्याच पार्टीत तेलासारखी काळी काकवी ओतली, पुढे कित्येक वर्षं तिथे घुसून परफॉर्मन्स करत राहिले आणि 2017 मध्ये ती स्पॉन्सरशिप संपली. बीपीने कारण धंद्याचं दिलं, देणारच, दुसरं काय सांगणार.

तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर तापमानाचा स्कार्फ विणून बघा, मीही विणलाय, रोज एक ओळ, त्या दिवशीचं कमाल तापमान बघून रंग घ्यायचा. फक्त किती अंशाला कुठला रंग ते सुरुवातीलाच लिहून ठेवा आणि लाल लोकर जरा जास्तच आणा, संपत आली म्हणून मधेच स्केल बदलायचं नाही.