पाणी खाली उतरते, बाकी सारे वर चढवावे लागते

आपला प्रश्न असा आहे की थंड हवेच्या ठिकाणी दोन दिवस फिरायला जाणे वेगळे, परंतु तिथे बारा महिने राहणे प्रत्यक्षात कसे असते, आणि निवृत्तीनंतर तिथे घर घेणे शहाणपणाचे ठरेल का. मी गेली १४ वर्षे म्हैसमाळला राहते. माझे माहेर परभणीचे. लग्न ठरले तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या, "पोरीने नशीब काढले, आता उन्हाळा हिचे काय बिघडवणार?" सासरी लहानसे हॉटेल आहे, म्हणजे चहा, भजी, पिठले-भाकरी आणि पावसाळ्यात भाजलेली कणसे. सकाळच्या भाकरी आणि रात्रीचा हिशेब या दोन गोष्टी माझ्याकडे असतात, त्यामुळे येणारी माणसे मला जवळून दिसतात आणि ती गेल्यानंतरचे गावही दिसते.

म्हैसमाळला "मराठवाड्याचे महाबळेश्वर" म्हणण्याची पद्धत आहे. ती ज्याने पाडली त्याने आमच्यावर उपकार केले की अपकार, हे मला अजून ठरवता आलेले नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आम्ही पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहोत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आगेमागे असते. शहर इथून ४० किलोमीटरवर आहे आणि आम्ही त्याच्यापेक्षा काही शे मीटरच वर आहोत. हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते, त्या हिशेबाने शहर आणि आम्ही यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक पडतो. शहरात ४२ अंश असताना आमच्याकडे ३९ असले, तर दुपारच्या वेळी त्याला थंड हवा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. खरा फरक जाणवतो तो वाऱ्याचा आणि रात्रीचा. परभणीला पत्र्याखाली मे महिन्याची रात्र ज्याने काढली आहे, त्याला इथे पहाटे चादर पायांवरून छातीपर्यंत ओढून घेण्यात काय सुख आहे हे सांगावे लागत नाही.

महाबळेश्वरला उन्हाळ्यात गर्दी असते. आमचा डोंगर मात्र त्या दिवसांत वाळल्या गवताने पिवळा पडलेला असतो आणि कोणी इकडे फिरकत नाही. आमचा हंगाम जुलै ते सप्टेंबरअखेरचा. पाऊस लांबला की तोही लांबतो. पेरणी खोळंबलेला शेतकरी आणि भज्यांचे बेसन भरून ठेवलेले आमचे घर एकाच आभाळाकडे बघत बसलेले असतात. त्यानंतर नवरात्रात गिरिजामातेच्या दर्शनाला लोक येतात, थंडीत शाळांच्या काही सहली येतात, आणि मग संपले.

श्रावणात सलग तीन दिवस आमचा रस्ता आमचा राहत नाही. खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारच्या दर्शनासाठी आदल्या रात्रीच शहरातून पायी निघालेले भाविक, रविवारी धुके बघायला वर येणाऱ्या गाड्या आणि सोमवारी वेरूळच्या घृष्णेश्वराला जाणारे लोक, असे सगळे त्याच वाटेवर असतात. दौलताबादच्या किल्ल्याजवळ वाहने अडली की आमच्या भाजीचा टेम्पोही अडतो. मंगळवारी मात्र वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून परगावच्या गाड्या त्या दिवशी सहसा वर येत नाहीत, आणि आमचा रविवार तोच. बँक, गिरणी, दवाखाना, केस कापणे, आठवडाभर साठलेली भांडणे उरकणे, हे सगळे मंगळवारी होते. मुलाला आम्ही सहावीपासून शहरात नणंदेकडे शिकायला ठेवले आहे. त्याच्या वयाची मुले रविवारी आमच्या बाकांवर बसून कणसे खात असतात, तेव्हा तो शहरात सुटीवर असतो. मी त्याला भेटते ती मंगळवारी संध्याकाळी, शाळेच्या फाटकाबाहेर, अर्धा तास. आपल्या प्रश्नात याची चौकशी नव्हती, तरीही लिहिले, कारण डोंगरावर राहण्याची किंमत विचारली की मला आधी हेच आठवते.

धुके हे पाहुण्यांचे कौतुक आणि घरच्यांची कटकट. इथे दूरदर्शनचा उंच मनोरा आहे. सकाळी दार उघडून मी त्याच्याकडे बघते; शेंडा दिसत नसेल तर कपडे धुवायचे नाहीत, आणि खालचा अर्धाही गडप असेल तर पापडाचा डबा उघडायचा नाही. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले तरी मीठ ओलसर होते, काड्यापेटी चुलीशेजारी ठेवावी लागते, आणि आईने परभणीच्या कडक उन्हात वाळवून पाठवलेल्या कुरडया ऑगस्टमध्ये माझ्या माळ्यावर मऊ पडतात. एके वर्षी सासऱ्यांचे कोल्हापुरी जोडे पोळ्यासाठी बाहेर काढले, तर त्यांवर हिरवट बुरशीचा थर होता. दोरीवरची साडी तिसऱ्या दिवशीही दमटच राहते, आणि अशी साडी नेसून गिऱ्हाइकाने "इथे किती छान आहे हो" म्हटल्यावर हसून मान डोलवायची, हाही आमच्या धंद्याचा एक भाग आहे.

इतका ओलावा सोसूनही आम्ही पाण्याला महाग आहोत, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. डोंगर काळ्या कातळाचा आहे. पडलेले पाणी उतारावरून धावत सुटते, आणि जे मुरते तेही भेगांमधून झिरपत खाली कुठेतरी झऱ्यातून बाहेर पडते. माथ्यावरच्या विहिरीला त्यातले फारसे राहत नाही. गिरिजा नदी याच डोंगरात उगम पावते, पुढे पूर्णेला मिळते, आणि पूर्णा माझ्या माहेरच्या जिल्ह्यात येलदरीच्या धरणात अडवलेली आहे. चांगला पाऊस झाला की माझा भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, तुझ्या अंगणातले पाणी आमच्याकडे पोचले बरं का." तो गंमत करतो, पण एप्रिलमध्ये टँकरची वाट बघताना ती गंमत मला झोंबते. गॅसची टाकी, पिठाचे पोते, औषधे, शिक्षक, गवंडी, सगळे खालून वर चढवून आणायचे, आणि जे एकच देणे आभाळ आमच्या डोक्यावर आणून टाकते, ते मात्र आमच्या देखत खाली निघून जाते.

टँकर आला की आधी पिण्याचे पाणी काढायचे. मग भाज्या धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे अंगणातल्या सीताफळाला, हा क्रम आमच्या घरात देवपूजेइतका ठरलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यापासून जवळच एका निवासी हॉटेलाने खोल बोअर घेतली आणि त्याच उन्हाळ्यात आमची विहीर महिनाभर आधी आटली. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि भांडून पाणी वर येत नाही म्हणून आम्ही गप्प बसलो. त्यांच्या हिरवळीवर संध्याकाळी फवारे उडताना बघून सासूबाई तोंड फिरवून घेत, एवढेच.

सासूबाईंचीच एक रात्र सांगते, कारण आपण निवृत्तीनंतरचे विचारले आहे. ऑगस्टमध्ये रात्री नऊच्या सुमारास त्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. खुलताबाद इथून १२ किलोमीटरवर आहे, एरवी वीस-पंचवीस मिनिटांची वाट. त्या रात्री जीपच्या दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून परत आमच्याच डोळ्यांत येत होता. शेवटी दिराने उतरून हातात बॅटरी घेतली, आणि रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा पायाने चाचपत तो पुढे चालू लागला. आमचे हे त्या हलत्या ठिपक्यामागे पहिल्या गिअरमध्ये जीप चालवत होते, आणि मागच्या बाकावर सासूबाईंचे डोके माझ्या मांडीवर होते. उतार संपत आला तेव्हा धुके एकदम विरले आणि दीर भिजलेल्या अंगाने गाडीत येऊन बसला. कोणी काही बोलले नाही. पुढे शहरात शस्त्रक्रिया झाली, त्या बऱ्याही झाल्या, पण त्यानंतर दर पावसाळ्यात त्या नणंदेकडेच राहतात. म्हणजे ज्या तीन महिन्यांसाठी लोक इथे येतात, नेमके त्याच तीन महिन्यांत आमच्या घरातले सर्वांत वयस्कर माणूस इथे नसते.

आता आपण घर घ्यावे की नाही, हे मी ठरवू शकत नाही. इथे शांतता आहे; रात्री कुत्रे आणि वारा यांच्याखेरीज काही ऐकू येत नाही. शेजारी थोडे, पण हाकेला येणारे आहेत, आणि सोमवारी सकाळी दरीच्या कडेवरच्या बाटल्या व प्लास्टिक गोळा करायला आम्ही चार-पाच जणी पोते घेऊन एकत्र निघतो, तेव्हा शिव्या देत देत बऱ्याच गप्पाही होतात. जागा बघताना सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि वनजमिनीची हद्द जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावी. दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

मात्र त्याआधी एक करावे. जुलैमध्ये येऊन निर्णय घेऊ नये. मे महिन्याच्या मध्यावर, बुधवारी यावे आणि तीन रात्री राहावे. दुपारी दोन वाजता पठारावर चालून बघावे, टँकरवाल्याशी बोलावे, रात्री आपल्याला आवडलेल्या जागेवर उभे राहून सर्वांत जवळचा दिवा किती लांब दिसतो ते पाहावे. सोबत आपल्या पत्नी असतील तर त्यांनाही हे सारे बघू द्यावे, कारण पाण्याचा क्रम बहुतेक त्यांनाच सांभाळावा लागेल. त्या दिवसांत आमच्याकडे भजी मिळणार नाहीत, कढई चढवण्याइतके गिऱ्हाईक नसते. पिठले, भाकरी आणि ठेचा मात्र मिळेल. आपल्यापुढे पाण्याचा तांब्या अर्धाच भरून ठेवला तर राग मानू नये. लागल्यास मी पुन्हा देईन.