नव्या कोऱ्या रेप्लिका रिव्हॉल्व्हरला घरच्या घरी जुनी कळा कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही टेक्सासमध्ये राहता, इटलीच्या पिएत्ता कंपनीचं १८५१ नेव्ही, म्हणजे कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची नक्कल घेतलंय, .३६ कॅलिबरचं, पितळी फ्रेमचं. ते फार चकचकीत दिसतं आणि मुठीचं लालसर व्हार्निश डोळ्यांत खुपतं. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर, व्हिनेगरने उतरवून त्याला दीडशे वर्षांचं रूप देता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

देता येईल. मी पेनसिल्व्हेनियात राहते. गेली नऊ वर्षं हा छंद करते आहे आणि तीन रिव्हॉल्व्हरं शेवटापर्यंत नेली आहेत. पण सुरुवात व्हिनेगरने करू नका, बघण्याने करा. का ते सांगते.

त्याआधी दोन गोष्टी. पहिली, स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी हत्यार रिकामं आहे याची खात्री करा. निपलवर, म्हणजे सिलिंडरच्या मागच्या बोंड्यांवर, ठिणगीची एकही टोपी नको. सिलिंडरच्या सहाही खणांत लाकडी काडी घालून ती तळाला टेकते का बघा. ही रेप्लिका असली तरी बंदुकीची काळी दारू भरली की खरीच बंदूक असते. दुसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकांच्या, काडतूस न लागणाऱ्या अशा रेप्लिका ‘अँटिक’ मानल्या जातात. सगळ्या राज्यांचं मात्र तसं नाही. न्यू जर्सीत हिलाही हँडगनचीच परवानगी लागते. सुट्टीत भारतात जाताना दाखवायला म्हणून ती बॅगेत टाकायचा विचारही करू नका. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा लागतो, तोंडाने भरायच्या बंदुकीलासुद्धा परवाना हवा, आणि विमानतळावर ‘शोभेची आहे’ हे कुणी ऐकून घेणार नाही.

आता बघण्याबद्दल. तुमच्या सिलिंडरवर भिंग धरा. जहाजांची लढाई कोरलेली दिसेल आणि ‘१६ मे १८४३’ ही तारीख. ती टेक्सासच्या आरमाराची आणि मेक्सिकन जहाजांची काम्पेचेजवळची लढाई. ऑर्म्सबी नावाच्या नक्षीकाराने हे चित्र मूळ रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या सॅम्युएल कोल्टसाठी कोरलं आणि ते सिलिंडरवर दाबून उमटवलं जायचं. तुमच्याच राज्याची गोष्ट तुमच्या हातात आहे. पण कोल्टच्या नेव्हीची फ्रेम लोखंडाची असायची, तिच्यावर हाडांच्या कोळशात तापवून आणलेले निळे-तपकिरी ढग असायचे. पितळ फक्त चापाच्या कड्याला आणि मुठीच्या पट्टीला, आणि त्यावरही चांदीचा मुलामा.

पितळी फ्रेम ही अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या राज्यांची ओळख. लोखंड-पोलादाची टंचाई होती, म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डव्हिलच्या ग्रिसवोल्ड कारखान्यात, जिथे आधी कापसातली सरकी काढायची यंत्रं बनायची, कोल्टची नक्कल पितळेत केली गेली. साडेतीन हजारांच्या आसपास रिव्हॉल्व्हरं तिथे तयार झाली. बनवणारे हात बहुतांशी गुलाम केलेल्या काळ्या कारागिरांचे होते, आणि तो कारखाना नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याने जाळला. त्यांची नळी पुढे गोल असायची आणि सिलिंडर कोरा. म्हणजे तुमचं हत्यार धड कोल्ट नाही आणि धड ग्रिसवोल्डही नाही. त्यामुळे ‘अमुक सालचं अस्सल’ दिसावं हा हट्ट सोडा. कुणीतरी खूप वापरलेलं आणि नीट सांभाळलेलं दिसावं, एवढंच ठरवा. हे एकदा ठरलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

वापरलेलं हत्यार कुठे झिजतं हे मला हार्टफर्डला, म्युझियम ऑफ कनेक्टिकट हिस्टरीत कोल्टच्या संग्रहासमोर उभं राहून कळलं. त्याआधी मी सगळीकडे सारखं घासत होते. झीज सारखी नसतेच. नळीच्या तोंडाजवळच्या कडा आधी पांढऱ्या पडतात, कारण तिथे चामड्याचं म्यान घासतं. सिलिंडरच्या खाचांमधून बोल्टची, म्हणजे सिलिंडर जागेवर अडवणाऱ्या खिट्टीची, एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. मुठीची मागची पट्टी जिथे तळहात बसतो तिथे गुळगुळीत होते. उलट नळी फ्रेमला जोडून ठेवणाऱ्या पाचरेच्या आसपास, स्क्रूच्या डोक्याभोवती, गोळी आत दाबायच्या रॅमरच्या दांडीखाली निळा रंग शेवटपर्यंत तग धरतो. तुम्ही जवळच्या संग्रहालयात जा, फोटो काढायची परवानगी असेल तर काढा, आणि घरी येऊन तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या फोटोवर पेनने खुणा करा: इथे झीज, इथे रंग. दोन तास जातील, पण याहून उपयोगाचं दुसरं काही मी सांगू शकणार नाही.

मग खोलणं. यासाठी सरळ धारेची, खाचेत घट्ट बसणारी बिट्स विकत घ्या. घरातला निमुळत्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. इटालियन स्क्रू मऊ असतात, एकदा निसटलं की खाच फाटते, आणि फाटलेल्या खाचेच्या स्क्रूसारखं वाईट काही दिसत नाही. पाचर लाकडी ठोकळ्याने ठोकून काढा. प्रत्येक स्क्रू कार्डबोर्डवर त्याच्या जागेच्या चित्रात खोचून ठेवा. स्प्रिंगा, चाप आणि घोड्याला कुठलंही रसायन लावायचं नाही, ते सगळं तेल लावून डब्यात.

ब्लूइंग उतरवायला साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. नळी आधी दोन्ही बाजूंनी लाकडी बूच मारून बंद करा, आतल्या आट्यांना आम्ल लागू नये म्हणून. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये भाग बुडवा आणि समोर बसून राहा. पंधरा-वीस मिनिटांत काळा थर सैल होऊन साय यावी तसा वर येतो. बारीक स्टील वूलने तो पुसला की खाली करडं पोलाद. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, तेल लावा. उघडं पोलाद दमट हवेत काही तासांत गंजतं.

माझ्या पहिल्या रिव्हॉल्व्हरच्या वेळी मला घाई होती. हार्डवेअरच्या दुकानातलं फरशी धुवायचं आम्ल आणलं. दोन मिनिटांत ब्लूइंग गेलं खरं, पण पृष्ठभाग खरखरीत झाला आणि सिलिंडरवरची जहाजं अर्धी पुसली गेली. ते चित्र केसाएवढं उथळ असतं, गेलं की परत येत नाही. शिवाय त्या वाफेने गॅरेजमधल्या माझ्या कानशी आणि पाने सगळे गंजले. ते सिलिंडर मी अजून ठेवलंय. म्हणून सांगते, तुमच्या सिलिंडरला सँडपेपर लावूच नका. व्हिनेगर, मऊ कापड, बस्स.

आता रंग परत चढवणं. सगळेजण बाटलीतलं कोल्ड ब्लू सुचवतील. ते चालतं, पण त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, आणि रंग पटकन डागाळतो. मी रस्ट ब्लूइंग करते, आणि तुम्हीही तेच करा असं मनापासून सांगेन. वेळ लागतो, पण हे काम मला सगळ्यात आवडतं. पोलाद ॲसिटोनने पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नाही. मग गंज आणणारं द्रावण अगदी पातळ, ओल्या कापसाने एकदाच फिरवायचं. भाग बाथरूममध्ये टांगायचा, गरम शॉवर थोडा वेळ सोडून वाफ करायची, दार बंद. काही तासांनी त्यावर मखमलीसारखा तांबडा गंज येतो. तो भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये वीसेक मिनिटं उकळायचा. नळाचं पाणी नको, डाग पडतात. आणि स्वयंपाकघरातलं भांडंही नको, यासाठी वेगळं ठेवा. उकळता उकळता तो तांबडा गंज तुमच्या डोळ्यांदेखत काळा होतो, कारण लाल ऑक्साइडचं मॅग्नेटाइट बनतं. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा गॅस बंद करायचं भान राहिलं नव्हतं. बाहेर काढून काळी भुकटी तेल काढलेल्या स्टील वूलने हलक्या हाताने झाडायची. खाली राखाडी निळसर छटा उरते. हेच पाच-सहा वेळा केलं की रंगाला खोली येते. तुम्हाला जुनेपणा हवाय, म्हणजे तीन-चार वेळा पुरेत. मग फोटोवर जिथे खुणा केल्यात तिथेच बारीक स्टील वूलने रंग परत उतरवायचा.

कोल्टचं मूळ निळेपण हे नव्हे, ते कोळशात तापवून आणलेलं होतं. पण घरी नळी, सिलिंडर किंवा फ्रेम तापवायची नाही. सिलिंडर दाब सोसतं, त्याच्या पोलादाचे गुणधर्म उष्णतेने बदलतात. हौस असेल तर बाहेरचे लहान स्क्रू करा. आरशासारखे पॉलिश करायचे, पितळेच्या किसात उभे करून खालून हळूहळू तापवायचे. आधी गवती पिवळा रंग येतो, मग तांबूस, जांभळा, आणि तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास मोरपंखी निळा. तो दिसला त्या क्षणी उचलून तेलात टाकायचा. पाच सेकंद उशीर झाला तर करडा.

पितळेचं काय? इथे बरेच जण अमोनियाच्या वाफेत ठेवून ते काळवंडवतात. दिसतं छान. पण फ्रेमला ते करू नका, आणि याचं कारण आपल्याच पावसाळ्यातलं आहे. इंग्रजांच्या काळात भारतात सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवली जायची आणि पावसाळा संपल्यावर त्यांना तडे गेलेले सापडायचे. पागेतल्या मुताचा अमोनिया आणि पितळेत घडणीच्या वेळचा ताण, दोन्ही मिळून धातू फुटायचा. धातुशास्त्रात याला आजही ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात, आणि त्याचा उलगडा १९२१ साली झाला. ज्या फ्रेमच्या मागे रोज दारूचा दाब बसणार तिला ती वाफ कशाला द्यायची? कारखान्याचं लॅकर असेल तर ॲसिटोनने उतरवा, मग एकदा चिंचेच्या कोळाने घासून स्वच्छ धुवा. देवाच्या समईसारखं लखलखीत होईल. घाबरू नका. त्यानंतर ब्रासो, पितांबरी काही नाही. फक्त वापरा आणि हाताळा. सहा महिन्यांत त्यावर जुन्या घंगाळासारखी मधाळ तपकिरी छटा येते, आणि ती बाटलीतल्या कुठल्याही रंगापेक्षा खरी दिसते.

नेमबाजी केल्यावर काळ्या दारूची राख त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, ती ओलावा शोषते आणि पोलाद खाते. हे धुणं-पुसणंच पुढे बाकीचं म्हातारपण आणतं.

मूठ सोपी आहे. व्हार्निश उतरवायच्या रसायनाने तो लाल थर काढला की खाली अक्रोडाचं चांगलं लाकूड निघतं. मूठ फ्रेमवर बसवूनच घासा, नाहीतर लाकूड पितळेच्या कडेपेक्षा खाली जातं आणि बोटाला पायरी लागते. मग उकळलेलं जवसाचं तेल, थेंब-थेंब, तळहाताने चोळून, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा, दहा-बारा हात. तेलाच्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

शेवटचं, आणि यात मी जराही ढिलाई करणार नाही. नळीवर किंवा फ्रेमवर तुम्हाला तारा आणि ‘पीएन’ ही अक्षरं दिसतील, ‘पोल्वेरे नेरा’, म्हणजे काळी दारू. ती इटलीतल्या गार्दोने गावच्या, बंदुका तपासणाऱ्या चाचणीगृहाची खूण. शेजारच्या चौकटीतली दोन अक्षरं चाचणीचं वर्ष सांगतात. जवळच अनुक्रमांक आणि ‘फक्त काळी दारू’ ही इंग्रजी सूचना. जुन्या वेशात लढाया उभ्या करणाऱ्यांपैकी काहीजण ही सगळी अक्षरं कानशीने उडवतात, अस्सल दिसावं म्हणून. तुम्ही उडवू नका, कामाआधी त्यावर टेप लावा. अनुक्रमांक घालवणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. सूचना पुसली तर पुढचा मालक त्यात आधुनिक दारू भरू शकतो आणि हात गमावू शकतो. आणि खूण नसलेलं, छान जुनं केलेलं रेप्लिका चार हात बदलल्यावर कुणालातरी हजारो डॉलरना ‘मूळ कोल्ट’ म्हणून विकलं जातं.

माझ्या तिन्ही रिव्हॉल्व्हरांच्या मुठी काढल्यात, तर आतल्या खाचेत पेन्सिलीने लिहिलेलं सापडेल: ‘इटलीची नक्कल’, कोणत्या साली काय उतरवलं, काय चढवलं, आणि खाली माझी सही. तुमची मूठ तेल लावायला सुटी कराल तेव्हा तुम्हीही लिहा. त्या खाचेत तेल लावायचं नाही, म्हणजे अक्षर टिकतं.