स्किरिड इन: फाशीचा जिना आणि 1110 सालचा दावा

वेल्समधलं स्किरिड इन (एक जुना पब) खरंच नऊशे वर्षं जुनं आहे का, आणि तिथल्या जिन्यात 180 जणांना फाशी दिली हे खरं का, असा तुमचा प्रश्न आहे. इमारत आणि आख्यायिका वेगवेगळ्या तपासल्या की गुंता बराच सुटतो.

अ‍ॅबरगव्हेनीच्या उत्तरेला, स्किरिड डोंगराजवळच्या गावातली ही दगडी इमारत 17व्या शतकाच्या मध्यानंतरची आहे. साडेतीनशे वर्षं उभी असलेली वास्तू स्वतःच मोलाची आहे, तिला 1110 चा टिळा लावायची गरज नाही.

1110 ची कथा अशी: जेम्स आणि जॉन क्राउदर या भावांपैकी जेम्सला दरोड्याबद्दल नऊ महिने कैद झाली, जॉनला मेंढ्या चोरल्याबद्दल इथल्याच तुळईला लटकवलं. ही शिक्षा 12व्या शतकाची वाटत नाही. तेव्हा तुरुंग मुख्यतः खटल्यापर्यंत डांबून ठेवायला असत, महिने मोजून कैद ही पुढच्या काळातली रीत. वेल्श सामान्य माणूस त्या काळी बापाच्या नावाने ओळखला जाई, क्राउदरसारख्या इंग्रजी आडनावाने नव्हे. मेंढीचोरीला खास देहदंडाचा कायदा तर 1741 चा. कथेचा साचा 18व्या शतकातला दिसतो.

न्यायाधीश जेफ्रीजने इथे बंडखोरांना फासावर दिलं, हीही गोष्ट ऐकवतात. 1685 मध्ये ड्यूक ऑफ मॉन्मथने बंड केलं, पण तो उतरला डॉर्सेटमधल्या लाइम रीजिसला आणि हरला सॉमरसेटमधल्या सेजमूरला. जेफ्रीजचे ते कुप्रसिद्ध खटले विंचेस्टर, डॉर्चेस्टर, एक्सेटर, टॉन्टन, वेल्स शहर या भागात चालले. हे ‘वेल्स’ सॉमरसेटमधलं गाव, देश नव्हे. पब मॉन्मथशायरमध्ये असल्याने ड्यूकच्या पदवीवरून दंतकथा इथे चिकटली असावी, असं माझं मत.

कागदोपत्री शोधायचं तर मॉन्मथशायरचे मोठे फौजदारी खटले ऑक्सफर्ड सर्किटकडे, म्हणजे ठरलेल्या भागात फिरून खटले चालवणाऱ्या न्यायाधीशांकडे असत. ती दप्तरं लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. स्थानिक कागद एब्बू व्हेलच्या ग्वेंट अर्काइव्ह्जमध्ये मिळतात. पब किती जुना हे शोधताना दारू विकण्याचे परवाने पाहा. 1552 पासून ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडून घ्यावे लागत, पण सलग नोंदी 1753 नंतरच्या.

या पबमध्ये गळ्याभोवती फास आवळल्यासारखं वाटलं, असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचा अनुभव खोटा म्हणायचं कारण नाही, पण तो 180 फाशींचा पुरावा होत नाही.

तुळईवरच्या दोराच्या खुणा मात्र नीट पाहाव्यात. खोल गुळगुळीत खाच पडते ती भाराखाली पुन्हा पुन्हा सरकणाऱ्या दोराने, म्हणजे पोती किंवा सामान वर ओढताना. गाठ मारलेला फासाचा दोर जागचा फारसा हलत नाही. लाकडाचं वय हवं असेल तर वर्षवलयांची तपासणी करतात. त्यासाठी किमान पन्नासेक वलयं लागतात, आणि झाड तोडल्याचं नेमकं वर्ष सालीखालचा शेवटचा थर शाबूत असेल तरच कळतं. रंधून साफ केलेल्या तुळईत तो नसतो.