नवीन गड्यालाच ऊन का बाधलं?

मिरजेच्या साइटवर नवा बिगारी तिसऱ्याच दिवशी भोवळ येऊन पडला, बाकीचे मात्र ठणठणीत, आणि मुकादम म्हणतो 'पोरात दमच नाही', असं तुम्ही लिहिलंय. प्रश्न दमाचा नाहीच. उन्हाला सरावायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर आणि भरपूर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. त्याआधीच पूर्ण पाळी लावली की माणूस कोसळतो. महिनाभर गावाकडं राहून परतलेला जुना गवंडीही नव्यासारखाच धरा.

नव्याला पहिल्या दिवशी २० टक्केच काम उन्हात द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. परतलेल्या जुन्याला ५०, ६०, ८०, १०० असं चढवावं. मुकादम कुरकुरेल, कारण हजेरी पूर्ण द्यावी लागते. द्या. काँक्रीटला ४० अंशांवर वेगळे नियम आहेत (भारतीय मानक आयएस ७८६१), त्यासाठी आपण पाण्यात बर्फही टाकतो. पाटी उचलणाऱ्याचं मात्र कुणी विचारत नाही.

वळवाआधीच्या उकाड्यात जास्त जपा. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि पारा ३७ वर असला तरी माणूस पडतो. तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पाजा. बायका पाणी टाळतात, कारण बऱ्याच साइटवर संडासच नसतो. आधी ती सोय करा. स्लॅबचं काँक्रीट ओतणं मध्येच सोडता येत नाही, म्हणून पहाटेच सुरू करा.

कोणी बरळायला लागला किंवा झोकांड्या द्यायला लागला, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. सावलीत घ्या, जाड कपडे काढा आणि क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट भिजवायच्या, पाइपनं अंगावर पाणी सोडत राहा (पाइप उन्हात तापलेला असतो, पहिलं पाणी आधी जाऊ द्या). वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत आणि जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही, आणि खिशातल्या कांद्याचं तर नावच नको.

तुमच्या त्या पोराला डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कामावर घेऊ नका. घ्याल तेव्हा पुन्हा २० टक्क्यांपासूनच.