जुळ्यांसोबत थोरल्यालाही सांभाळताना

ताई, जुळ्यांना आईचे दूध पुरत नाही असे घरातली वडीलधारी मंडळी कितीही म्हणोत, बाळे जितकी ओढतात तितके दूध तयार होत असल्यामुळे बहुतेक आयांना दोघांपुरते दूध येते. रात्री एक जागे झाले की दुसऱ्यालाही उठवून लगोलग पाजावे, नाहीतर तुमची पाठ जमिनीला टेकणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात वीज जाऊन कूलर बंद पडला, की बाळांच्या ओठांना चमचाभर पाणी लावावे असे कुणालाही वाटते. पण सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी नको, घुटीही नको, दूधच वरचेवर पाजावे आणि पाणी तुम्ही भरपूर प्यावे.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई (गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्या) ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या वेळी दोघांचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. एखादे बाळ दूध ओढेनासे झाले किंवा अंग गार लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

थोरल्याला आजोळी पाठवण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. पाजताना त्याला मांडीला टेकून बसू द्यावे, वाळलेले लंगोट आणायला सांगावे. मात्र बाळांजवळ एकटे सोडू नये.