वडील नागरी हक्क संघटनेचे चिटणीस होते. त्यांच्या जुन्या फायली स्कॅन करून मूळ कागद रद्दीत दिले तर चालेल का?

नाही, चालणार नाही. स्कॅन जरूर करा, पण मूळ कागदाला हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की माळ्यावर गोण्या भरून कागद आहेत, छापील अहवाल इंटरनेटवर मिळतात, मग पत्रं, पावत्या, हिशेबाच्या वह्या ठेवून काय करायचं. हे वाचून गप्प बसवेना. याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं वर्षानुवर्षं बिनसलेलं आहे.

आमचे अण्णा शाळामास्तर. आणीबाणीत ज्यांच्या घरचा कर्ता माणूस मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, आत गेला, अशा कुटुंबांना चार मित्रांनी मिळून दरमहा थोडे पैसे पाठवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे गावात नागरी हक्कांचं एक छोटं मंडळ उभं राहिलं. १९७६ मध्ये जयप्रकाशांनी पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेची सुरुवात करून दिली, तारकुंड्यांसारखा मुंबई हायकोर्टाचा माजी न्यायमूर्ती त्यात उतरला, तेव्हा अण्णांना फार बळ आलं होतं. मंडळाचं दप्तर शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. आवक-जावक बारनिशी, म्हणजे आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही, सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं, कार्बन कॉप्या, कोठडीत मारहाण झालेल्यांचे अर्ज.

अण्णा गेल्यावर दादाने माळा रिकामा करायला काढला. त्याचं म्हणणं सरळ होतं : खटल्यांचे निकाल लागले, अहवाल छापून झाले, आता फाईल म्हणजे रद्दी. मी भांडून सगळं माझ्याकडे आणलं. तो अजून म्हणतो की मला भावना आवरत नाहीत.

२०१८ मध्ये राज्य सरकारने आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना मानधन द्यायचं ठरवलं. महिन्याहून जास्त आत राहिलेल्याला दरमहा दहा हजार, तो हयात नसेल तर पती किंवा पत्नीला पाच हजार. त्यानंतर काही दिवसांनी एक म्हाताऱ्या बाई मुलाला घेऊन माझ्या दारात आल्या, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून. नवरा येरवड्याला होता, वारून बरीच वर्षं झाली होती. अर्जाला पुरावा पाहिजे होता आणि घरात चिठोरंसुद्धा नव्हतं. तुरुंगाच्या जुन्या नोंदीत नाव सापडत नाही असं उत्तर मिळालं होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथल्या कारकुनाचा यात काही दोष नाही.

घरात कागद का नव्हता, हेही समजून घ्या. जून १९७५ च्या अखेरीस मिसा कायद्यात १६-अ हे कलम घातलं. त्याखाली स्थानबद्धाला कारणं कळवायचं बंधनच उरलं नाही. घरच्यांच्या हातात काही पडावं अशी सोयच काढून घेतली होती. पुढे २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानेही हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा, दरवाजा बंद केला, एकट्या न्यायमूर्ती खन्नांचा विरोध होता. अशा घरांकडे चाळीस वर्षांनी 'पुरावा आणा' म्हणणं म्हणजे काय, याचा विचार करा.

बाई म्हणाल्या, "तुमच्या वडलांची मनीऑर्डर यायची मला." तेवढ्यावर मी शोधायला बसले. अण्णांनी मनीऑर्डरच्या पोचा गावाप्रमाणे सुतळीत ओवून ठेवल्या होत्या आणि वहीत रकाने आखले होते : स्थानबद्धाचं नाव, तुरुंग, घरी कोण, किती पाठवले, पोच आली का. त्यांच्या गावाची सुतळी सापडली. पोचेवर डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी, शेजारी साक्षीदार म्हणून तिथल्या गुरुजींची सही, पोस्टाचा शिक्का. बाईंनी अंगठा ओळखला नाही, गुरुजींची सही ओळखली. म्हणाल्या, मला तेव्हा सही येत नव्हती, नंतर शिकले.

खरी वस्तू पत्रव्यवहाराच्या फायलीत निघाली. त्यांच्या नवऱ्याने येरवड्यातून अण्णांना टाकलेलं पोस्टकार्ड. एका कोपऱ्यात तुरुंगाचा तपासणीचा शिक्का, वर नाव आणि कैदी क्रमांक, तारीख सप्टेंबर १९७५ ची. मजकूर चारच ओळींचा : रब्बीच्या पेरणीला घरी पैसे नाहीत, ती कुणाकडे मागणार नाही, जमल्यास पाहावे. मुलाने ते दोनदा वाचलं. बापाचं अक्षर तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याने झेरॉक्सच्या साक्षांकित प्रती केल्या, बाईंचं शपथपत्र जोडलं, आणि पुढच्या खेपेला कुणी 'पुरावा आणा' म्हटलं नाही. २०२० मध्ये ही योजना बंद झाली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वेळी मुलाचा फोन आला, कार्ड नीट आहे ना म्हणून.

मंडळाने १९७७ मध्ये काढलेला अहवालही माझ्याकडे आहे. त्यात या सगळ्याबद्दल एकच वाक्य आहे : 'स्थानबद्धांच्या कुटुंबांना यथाशक्ती मदत करण्यात आली.' दादाच्या हिशेबाने हा अहवाल ठेवला असता आणि पोचा विकल्या असत्या.

हे सांगितलं की दादा म्हणतो, एक प्रकरण झालं, बाकीचं काय? बाकीचंही सांगते. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यावरून आयटी कायद्याच्या ६६-अ कलमाविरुद्ध याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं. संपली फाईल? पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. पीयूसीएलने ती प्रकरणं गोळा करून २०२१ मध्ये पुन्हा कोर्टापुढे ठेवली, कोर्टाने धक्का बसल्याचं बोलून दाखवलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये असे खटले चालवू नयेत म्हणून आदेश द्यावा लागला. निकालानंतरही कुणीतरी नोंद ठेवत होतं म्हणून हे झालं.

आणि सरकार जपेल या भरवशावर तर अजिबात राहू नका. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल १९७८ मध्ये छापला गेला आणि १९८० नंतर प्रती मिळेनाशा झाल्या. माजी खासदार इरा सेझियन यांनी आपल्याजवळची प्रत २०१० मध्ये पुन्हा छापली. एका माणसाच्या घरातल्या कपाटामुळे तो परत लोकांपुढे आला.

आता तुमच्या गोण्यांविषयी. आधी त्या माळ्यावरून खाली आणा, गोणीत ओल धरते आणि वाळवी आतून खाते. विषयवार लावायच्या भानगडीत पडू नका. वडिलांनी जे ज्याच्याशेजारी ठेवलं ते तसंच राहू द्या, पोच आणि पोस्टकार्ड कुणाचं हे मला वहीच्या क्रमावरूनच लागलं. गंजक्या टाचण्या आणि वितळलेले रबरबँड हलक्या हाताने काढा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. नव्वदच्या दशकातले फॅक्स असतील तर त्यांच्या झेरॉक्स आजच काढा, तो कागद पांढराफटक होतो. बारनिशी सापडली तर सगळ्यात आधी ती स्कॅन करा, तीच तुमची सूची.

कुठे द्यायचं, याचं एकच उत्तर नाही. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात खासगी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. आमस्टरडॅमची सामाजिक इतिहासाची संस्था जगभरच्या चळवळींचे कागद घेते आणि उत्तम ठेवते. पण साताऱ्याच्या बाईने आमस्टरडॅमला कसं जायचं? माझं मत, मूळ कागद राज्यातच राहावेत, एखाद्या विद्यापीठाच्या किंवा जुन्या ग्रंथालयाच्या ताब्यात, आणि तेही लेखी करार करून. नुसतं 'देणगी' म्हणून टेम्पोत भरून देऊ नका. सूची कधी करणार, लोकांना कधी पाहू देणार, हे आधी लिहून घ्या.

एक गोष्ट वर सांगायला हवी होती. सगळे कागद सगळ्यांना दाखवायचे नसतात. कोठडीतल्या छळाचे अर्ज, अत्याचार झालेल्या बायकांचे जबाब, नाव गुप्त ठेवा म्हणून आलेली पत्रं, यांची वेगळी यादी करा आणि अमुक वर्षं बंद अशी अट करारात घाला. अमेरिकेतल्या एसीएलयू या नागरी हक्क संघटनेचं दप्तर प्रिन्स्टन विद्यापीठात आहे, तिथेही काही फायली ठराविक मुदतीपर्यंत बंद ठेवतात. एखादं प्रकरण अजून कोर्टात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय ती फाईल हलवू नका. आणि इंटरनेटवर सरसकट चढवू तर नकाच.

तुम्हाला भावंडं असतील तर एकट्याने ठरवू नका. दादा म्हणाला होता, मी थोरला, घर माझ्या नावावर, माळा माझा. माळा त्याचा होता. कागद त्याचे नव्हते, माझे नाहीत, खरं तर अण्णांचेही नव्हते. त्या वहीत ज्यांची नावं आहेत त्यांचा त्यावर पहिला हक्क. दादाला हे आजही पटत नाही आणि मी आजही मागे घेत नाही.

घरात जागेचीच अडचण असेल तर मला निरोप टाका. पुणे, सातारा, सांगली, जिथे असाल तिथून गोण्या घेऊन जायची व्यवस्था मी करते, फक्त पावसाळ्याआधी कळवा.