कार्ड कोणतं ते नंतर, आधी कॅबिनेट उघडा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सांगाडा एकच आहे: ‘बजेट अमुक हजार, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ मॉनिटर कोणता, प्रोसेसर कोणता, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कोणता, याबद्दल चकार शब्द नाही. डॉक्टरांना फोन करून ‘खिशात दोनशे रुपये आहेत, कोणती गोळी घेऊ’ असं विचारण्यातलाच हा प्रकार. ज्यांनी सगळी माहिती लिहिली त्यांना आधी उत्तरं देतो.

प्र. माझ्याकडे आय५ १२४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १०८० पिक्सेलचा मॉनिटर आहे. कार्डासाठी वीस-बावीस हजार जमवलेत. मित्र म्हणतो, एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स असेल तरच घे, नाहीतर पैसे फुकट. दुकानात आरटीएक्स ३०५० दाखवलं. घेऊ का? (विद्यार्थी, डोंबिवली)

कोणतं ३०५०? हा प्रश्न तुम्ही दुकानात विचारलात का? या नावाची दोन कार्डं बाजारात आहेत. २०२२ साली आलेल्याला ८ जीबी मेमरी, १२८ बिटची बस (डेटाची वाट) आणि २५६० कोअर (हिशेब करणारे भाग). २०२४ साली आलेल्याला ६ जीबी, ९६ बिट आणि २३०४ कोअर. खोक्यावर दोन्हीकडे ‘३०५०’ सारख्याच दिमाखात छापलेलं असतं. फरक फक्त मेमरीचा आहे असं वाटतं, पण धाकटं कार्ड सगळ्याच बाबतीत धाकटं आहे. त्याचा एकच गुण म्हणजे ते ७० वॅटवर चालतं, त्यामुळे त्याला वेगळी पॉवर केबल बहुधा लागत नाही.

तुमच्या मॉनिटरसाठी आणि तुमच्या रकमेत एएमडी कंपनीचं आरएक्स ६६०० मिळत असेल तर नुसत्या गेमिंगला ते दोन्ही ३०५०पेक्षा जास्त फ्रेम देतं. ‘आरटीएक्स असेल तरच’ हे मित्राचं वाक्य जाहिरातीतून आलंय. रे ट्रेसिंगचा, म्हणजे गेममधला उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवण्याचा, दिमाख या किमतीतल्या कार्डांना झेपतच नाही. ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करणार असाल तर मात्र एनव्हिडियाचा विचार करा, कारण अशी बरीच सॉफ्टवेअर त्यांच्या कार्डांवर जास्त वेगाने चालतात. आणि पैसे देण्याआधी एसएमपीएस कुणा जाणत्याला दाखवा. का, ते पुढे येतंच आहे.

प्र. लॅमिंग्टन रोडवर एकाने जीटी ७३० दाखवलं. म्हणाला, ‘४ जीबीचं आहे, सगळे गेम पळतील.’ (वाचक, लालबाग)

पळणार नाहीत. तुम्ही पळा.

जरा खुलासा करतो, कारण ‘किती जीबी’ ही एकच मोजपट्टी घेऊन लोक लॅमिंग्टन रोडच्या बाजारासाठी ग्रँट रोडला उतरतात आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. गोदाम मोठं असलं म्हणून त्याचं दार रुंद होत नाही. जीटी १०३० या एकाच नावाच्या दोन कार्डांत मेमरी दोन्हीकडे २ जीबीच होती. पण जीडीडीआर५वाल्यात सेकंदाला ४८ जीबी डेटा जायचा आणि नंतर आलेल्या डीडीआर४वाल्यात १७ जीबीसुद्धा नाही. किंमत मात्र जवळपास तीच. जीटी ७३० तर २०१४ सालचं आहे. ऑफिसच्या पीसीला दुसरा मॉनिटर जोडायला ठीक.

प्र. जुनं जीटीएक्स १६५० काढून आरएक्स ६६०० लावलं. गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी खटकन बंद होतो. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेलाच आहे, ४५० वॅटचा. त्याला कार्डाची केबल नव्हती, म्हणून दुकानदाराने दोन साटा पिनांपासून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) आठ पिनांची जोडकेबल दिली. दोन महिने असंच चाललंय. अधूनमधून थोडा वास येतो. कार्ड खराब आहे का? प्रोसेसर ६५ वॅटचा. एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि जोडकेबलचा फोटो जोडला आहे. (वाचक, भांडुप)

आधी पीसी बंद करा, मग पुढचं वाचा. दोन महिने वास येतोय आणि तुम्ही पत्र लिहीत बसलात!

स्टिकरचा फोटो पाठवलात, त्याबद्दल मात्र शाबासकी. त्यात मोठ्या अक्षरांत ‘४५०’ आहे, ते विसरा. त्याखालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलंय. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टच्या रांगेतूनच घेतात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आता खर्चाची बाजू बघा. आरएक्स ६६०० अधिकृतपणे १३२ वॅटचं आहे. तुमचा प्रोसेसर कागदोपत्री ६५ वॅटचा. झाले १९७. पंखे, हार्ड डिस्क, मदरबोर्ड अजून धरलेच नाहीत. शिवाय ६५ वॅटचा म्हणवणारा प्रोसेसर जोर आला की त्याच्या बराच वर जातो. आधीचं १६५० हे ७५ वॅटचं होतं, म्हणून गाडी चालत होती. तुमचं कार्ड बहुधा ठणठणीत आहे. त्याला जेवायला मिळत नाहीये.

आणि ती जोडकेबल. एका साटा जोडणीतून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट, एवढीच मुभा असते. आठ पिनांच्या जोडणीतून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. त्यात तुमच्या दोन्ही साटा पिना एकाच बारीक वायरवर ओवलेल्या आहेत. वास येतोय तो त्या प्लास्टिकचा असावा. अशी केबल फुकट देणाऱ्या दुकानदारांचा मला मनस्वी राग येतो. शंभर रुपयांच्या वस्तूने गिऱ्हाईक त्या दिवशी खूश होऊन घरी जातं आणि दोन महिन्यांनी ‘कार्ड खराब निघालं’ म्हणत परत येतं.

गेल्या पावसाळ्यात कल्याणचा एक मुलगा लोकलच्या मालडब्यातून अख्खं कॅबिनेट घेऊन माझ्याकडे आला होता. असाच कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेला एसएमपीएस. हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका. उघडून पाहिला. विजेतला गोंगाट गाळणाऱ्या कॉइलची जागा सर्किट बोर्डवर छापलेली होती, गोल आखणीसह, पण कॉइलच्या जागी वायरचे दोन नागडे तुकडे डाखलेले. विजेच्या अचानक लाटेपासून वाचवणाऱ्या भागाचीही नुसती भोकं. नकाशात जिना आहे आणि इमारतीत शिडी टेकवलीय, तसला मामला. त्या मुलाचं कार्ड वाचलं, मदरबोर्ड गेला. (हे वाचून स्वतःचा एसएमपीएस उघडायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात.)

मग घ्यायचं काय? चांगल्या कंपनीचा, खरा ५५० वॅटचा, कार्डाची ६+२ पिनांची केबल मुळातच असलेला एसएमपीएस. एएमडीने या कार्डासाठी किमान ४५० वॅट सांगितलंय, पण ते खरे ४५०, स्टिकरवरचे नव्हेत. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतलं संरक्षण कसं आहे ते सांगत नाही. तरी शिक्का खरा असेल तर निदान कुणीतरी ते यंत्र तपासलंय एवढं कळतं. बजेट अपुरं पडत असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, एसएमपीएस नाही. कार्ड दोन-तीन वर्षांनी बदलाल, एसएमपीएस त्यानंतरही राहील.

यूपीएस वापरत असाल तर तोही पाहा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हे.

तुम्ही सध्या १६५० परत लावून काम चालवा. जोडकेबल कचऱ्यात टाका, कुणाला देऊ नका. नवा एसएमपीएस आल्यावर कार्ड एखाद्या तंत्रज्ञासमोर अर्धा तास चालवून पाहा. फोटोवरून मी याहून जास्त ठामपणे बोलणार नाही.

प्र. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. यामुळे ग्राफिक्स कार्ड जाईल का? (चाळीतले वाचक, गिरगाव)

कार्डाची काळजी नंतर करा, आधी स्वतःची करा. अर्थिंग नाही. तिसरं भोक भिंतीत दिसतं म्हणून त्यामागे वायर असतेच असं नाही. आजच वायरमनला बोलवा, तोवर पीसी लावू नका.

प्र. बारा हजारांत कार्ड बसवायचं आहे. सध्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमची एक स्टिक आहे. व्हॅलरंट खेळतो. (वाचक, विक्रोळी)

कार्ड नको. ५६००जीला स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि ते रॅमच्या जिवावर जगतं. एकच स्टिक म्हणजे दोन पदरी रस्त्याचा एक पदर बंद. तशीच दुसरी ८ जीबीची स्टिक लावा, फरक डोळ्यांना दिसेल. मदरबोर्डला चालणारी स्टिक कोणती, ते घेण्याआधी एकदा विचारून घ्या. उरलेले पैसे ठेवा.

प्र. ऑनलाइन एक आरटीएक्स ३०६० फार स्वस्त मिळतंय. विकणारा म्हणतो, फक्त गेमिंगला वापरलंय. दादर स्टेशनच्या पुलावर भेटून देणार आहे. माइनिंगचं (क्रिप्टो-नाणी कमवायला सतत चालवलेलं) कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, असं ऐकलंय. खरं का? (वाचक, विरार)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माइनिंगचं कार्ड मेलेलंच असतं, ही ऐकीव गोष्ट. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो-नाण्याचं माइनिंग थांबलं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. त्यातली पुष्कळ आजही चालतात. एकसारख्या तापमानावर चाललेली चिप सहसा मरत नाही. झिजतात ते पंखे, सुकतात ते थर्मल पॅड, आणि ताप सोसलेला असतो मेमरीने. पंखा बोटाने हलकेच फिरवून पाहा, खरखर आली तर भाव पाडा.

दुसरी गोष्ट त्या पुलाची. पुलावर प्लग असतो का? मग कार्ड चालतं हे कशावरून ठरवणार, खोक्यावरून? विकणाऱ्याच्या घरी जा किंवा त्याला दुकानात बोलवा. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असेल तर बऱ्याचदा ते सरळ ‘फेक’ असं दाखवतं. पूर्वी जीटीएस ४५०ची चिप १०५० टीआय म्हणून विकली जायची, ती अशीच पकडली गेली. आरएक्स ५८०च्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. मूळ कार्डाला २३०४ शेडर (म्हणजे कोअरच), पण ‘५८०’ याच नावाने २०४८वालंही सर्रास विकतात. खोट्यात नाही, पण खऱ्यातही नाही. मग अर्धा तास एखादा जड गेम चालवा आणि तापमान बघत बसा. मॉनिटर जोडण्याच्या खाचांवर, स्क्रूंवर हिरवट-पांढरट थर असेल तर कार्ड खाडीची किंवा समुद्राची हवा खाऊन आलंय, सोडून द्या. बिल आणि वॉरंटी नसेल तर सोबत एखादा रिपेअरवाला न्या. त्याच्या चहापाण्याचे पैसे वसूल होतील.

प्र. कार्ड बंद पडलं. ओव्हनमध्ये भाजलं की चालू होतं, असा व्हिडिओ पाहिला. (वाचक, ठाणे)

त्याच ओव्हनमध्ये नंतर केक करणार आहात का? नको. चिप-लेव्हल रिपेअरवाल्याकडे द्या, आणि तो ‘परत गेलं तर जबाबदारी नाही’ म्हणाला तर तो प्रामाणिक आहे असं समजा.

प्र. मुलाने इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. म्हणतो, अभ्यासासाठी ‘किमान ४०६०’ कार्ड लागतं. खरंच लागतं का? (एक आई, मुलुंड)

ताई, पहिल्या वर्षाला लागत नाही. पुढे कुठल्या शाखेत कोणतं सॉफ्टवेअर येतं, ते कॉलेजात विचारा. मुलाला विचारू नका. पण तो पैसे साठवून अर्धी रक्कम स्वतः घालणार असेल तर ‘अभ्यास’ हा शब्द वगळून बोलणी करा. ११५ वॅटचं बरं कार्ड आहे ते.

प्र. बिल न घेतल्यास जीएसटी वाचतो म्हणाले. घेऊ का तसंच? (वाचक, मीरा रोड)

अठरा टक्के वाचतील आणि वॉरंटी बुडेल. बिल घ्या, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो खोक्यावरच्या नव्हे, कार्डावरच्या नंबराशी दुकानातच जुळवा.

प्र. पीसी आय५ चौथ्या पिढीचा. बी५८० घ्यायचं म्हणतोय, १२ जीबी मेमरी आहे. (वाचक, परळ)

तुमच्यासाठी नाही. इंटेलचं हे कार्ड रिसायझेबल बार नावाची सोय नसेल तर ढेपाळतं आणि तुमच्या मदरबोर्डवर ती सोय नाही. आरएक्स ६५०० एक्सटीही टाळा, ते मदरबोर्डशी चारच लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतं आणि जुन्या बोर्डवर त्याची कोंडी होते. बोर्डाचा नेमका मॉडेल नंबर कळवा, मग बोलू.

प्र. नवं कार्ड बसवलं तरी गेम पूर्वीसारखाच अडकतो. कार्ड परत करू का? मागच्या बाजूचा फोटो जोडला आहे. (वाचक, घाटकोपर)

फोटोत मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली दिसतेय. ती काढून कार्डाला लावा. आणि कोपऱ्यात एसएमपीएसचा स्टिकर अर्धाच आलाय, तो पूर्ण पाठवा.